बर्फांतील सारथ्य

वाहन चालविणाऱ्याची खरी परीक्षा कोणती, असा प्रश्न केला असतां बहुतेक लोक वेगाचें नांव घेतील. जो अधिक वेगानें जाऊं शकतो तो कुशल चालक, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत किती पोकळ आहे हें पाहावयाचें असल्यास, ज्या देशांत हिवाळ्यांत रस्त्यावर बर्फ पडतो त्या देशांतील चालकांचे अनुभव ऐकावे. तेथें दरवर्षीं तीनचार महिने निसर्ग प्रत्येक चालकाची परीक्षा घेत असतो, आणि त्या परीक्षेंत वेगाला एकही गुण मिळत नाहीं. गुण मिळतात ते वेळीं थांबण्याला, वाटेवरून परत फिरण्याला, आणि प्रसंगीं गाडी घराबाहेर न काढण्याला.

महाराष्ट्रांत बर्फ पडत नाहीं, मग हा विषय आमच्या वार्षिकांत कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, नाताळच्या सुटींत मनाली, गुलमर्ग अशा ठिकाणीं बर्फ पाहावयास जाणारीं मराठी कुटुंबें हल्लीं थोडीं नाहींत. कांहीं तर स्वतःची मोटार घेऊनच तेथवर जातात. शिवाय शिक्षणासाठीं अगर नोकरीसाठीं कॅनडा, अमेरिका, जर्मनी, स्वीडन इत्यादि देशांत गेलेल्या आपल्या तरुणांना पहिल्याच हिवाळ्यांत या अनुभवाला तोंड द्यावें लागतें. आज वर्गांत बसलेल्या मुलांपैकीं कित्येकांवर उद्यां तो प्रसंग यावयाचा आहे. म्हणून या विषयाचा विचार येथें केलेला अस्थानीं होणार नाहीं.

बर्फावर मोटार कां घसरते हें विद्यार्थ्यांना निराळें सांगावयास नको. घर्षणाचा धडा त्यांनीं वाचलेला असतो. तरी एक लहानसें गणित करून पाहण्यासारखें आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरचा घर्षणगुणक सुमारें ०.७ धरावा, दाबून बसलेल्या बर्फावर सुमारें ०.२, आणि काचेसारख्या गोठलेल्या बर्फावर ०.१. आतां ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार ब्रेक दाबल्यावर किती अंतर जाऊन थांबेल? कोरड्या रस्त्यावर सुमारें ९ मीटर, दाबलेल्या बर्फावर सुमारें ३१ मीटर, आणि गोठलेल्या बर्फावर ६० मीटरांहून अधिक. म्हणजे क्रिकेटच्या तीन खेळपट्ट्यांएवढें! संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एखादा सेकंद जातो आणि तेवढ्यांत गाडी आणखी ११ मीटर पुढें जाते, तें निराळेंच. वेग दुप्पट केला तर थांबण्याचें अंतर दुप्पट होत नाहीं, चौपट होतें. हा हिशेब कोणाच्याहि श्रीमंतीनें, धाडसानें किंवा घाईनें बदलत नाहीं.

आपल्याकडेहि याची थोडीशी ओळख सर्वांना आहे. मृगाची पहिली सर पडली म्हणजे रस्त्यावरची धूळ व तेल यांचा राड होतो, आणि त्या दिवशीं किती दुचाकीस्वार आडवे होतात हें आपण पाहतों. घाट उतरतांना जाणता चालक गाडी खालच्या गिअरमध्यें घालतो व ब्रेकवर सारा भार टाकीत नाहीं, हेंहि आपण पाहतों. बर्फाळ देशांत हेंच शहाणपण हिवाळाभर प्रत्येक वळणावर लागतें.

तेथील अनुभवी लोक नवख्याला ज्या गोष्टी सांगतात त्यांतील पहिली अशी कीं, बर्फांत गाडी सुरू करतां येणें आणि थांबवितां येणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. चारही चाकांना गति देणारी दणकट गाडी बर्फांतून सहज निघते, चढहि चढते. मालकाला वाटतें, आपल्याला आतां भय नाहीं. पण ब्रेक तर साध्या गाडीलाहि चारही चाकांना असतात. म्हणून थांबण्याच्या कामीं त्या महागड्या गाडीला कांहींच अधिक बळ नसतें. तिचें बळ मालकाला संकटापर्यंत लवकर पोंचवितें, एवढेंच.

दुसरी गोष्ट अशी कीं, रस्ता जेथें निर्धोक दिसतो तेथेंच पुष्कळदां धोका असतो. पुलाच्या खालून व वरून दोन्हीकडून थंड वारा वाहतो, म्हणून मागचापुढचा रस्ता नुसता ओला असतांहि पुलावरचें पाणी आधीं गोठतें. डांबरावर बसलेला पातळ पारदर्शक बर्फ काळ्या रस्त्यासारखाच दिसतो. नवखा चालक त्याला ओलावा समजतो. कडाक्याची थंडी पडली म्हणजे रस्ता सर्वांत निसरडा असावा असें आपणांस वाटतें. पण तपमान शून्य अंशाच्या आसपास असतांना बर्फावर पाण्याचा पातळ थर राहतो, आणि त्या वेळीं टायरची पकड अधिक सुटते.

तिसरी गोष्ट हातापायांची. बर्फावर प्रत्येक क्रिया हलक्या हातानें व्हावी लागते. वेग हळूहळू वाढवावा, हळूहळू कमी करावा, स्टीअरिंग झटक्यानें फिरवूं नये, पुढच्या गाडीपासून नेहमींच्या कितीतरी पट अंतर ठेवावें. गाडी घसरूं लागलीच तर वेगाच्या पट्टीवरून पाय काढून घ्यावा, आणि जिकडे जावयाचें आहे तिकडे दृष्टि ठेवून शांतपणें चाक वळवावें. घाबरून एकदम कांहीं करणें हाच येथें मोठा अपराध.

मनुष्यानें बुद्धि लढवून या संकटावर उपायहि काढले आहेत. अमेरिकेंतील हॅरी वीड यानें १९०४ सालीं टायरवर बसविण्याच्या साखळ्यांचें पेटंट घेतलें. फिनलंडमध्यें १९३४ सालीं खास हिवाळ्यासाठीं बनविलेला टायर तयार झाला. हिवाळी टायरचें रबर थंडींत कडक होत नाहीं, म्हणून त्याची पकड टिकते. कॅनडाच्या क्विबेक प्रांतानें २००८ सालापासून हिवाळ्यांत असे टायर सक्तीचे केले. जर्मनींतहि रस्त्यावर बर्फ असतांना त्यांच्याशिवाय गाडी चालवितां येत नाहीं. रस्त्यांवर मीठ टाकतात, कारण खारें पाणी शून्याखालीं गेल्यावरहि लवकर गोठत नाहीं. पण थंडी फार वाढली कीं मीठहि निरुपयोगी होतें आणि नुसती वाळू टाकावी लागते. हे सारे उपाय चांगले आहेत. परंतु त्यांतील एकाहि उपायानें बर्फाचा रस्ता कोरड्या रस्त्यासारखा होत नाहीं, हें विसरतां कामा नये.

उपाय हातीं असूनहि मनुष्य कसा अडचणींत येतो, आणि अडचणींत आल्यावर काय घडूं शकतें, हें दाखविणाऱ्या दोन घटना २०२२ सालच्या जानेवारीच्या एकाच आठवड्यांत घडल्या. पहिली अमेरिकेंत व्हर्जिनिया राज्यांत. ३ जानेवारीच्या दिवशीं आधीं पाऊस पडला, म्हणून रस्त्यावर मिठाचें पाणी आगाऊ शिंपडतां आलें नाहीं. मग जोराचा बर्फ पडला. राजधानी वॉशिंग्टनच्या दक्षिणेस जाणाऱ्या हमरस्त्यावर मालवाहू गाड्या घसरून आडव्या झाल्या आणि सुमारें पाऊणशें किलोमीटरच्या टप्प्यांत शेंकडों वाहनें अडकून पडलीं. कित्येकांनीं सबंध रात्र आणि दुसरा दिवस गाडींतच काढला. त्यांत टिम केन हे सेनेटचे सभासदहि होते; वॉशिंग्टनला पोंचावयास त्यांना २७ तास लागले. फ्लोरिडाहून परतणारें एक कुटुंब गाड्यांच्या रांगेंतून फिरून संत्रीं वाटीत होतें. त्यांतील एक संत्रें त्यांनाहि मिळालें. पाव नेणारी एक गाडी त्या रांगेंत अडकली होती. भुकेल्या प्रवाशांनीं कंपनीला दूरध्वनि करून विनंति केली, तेव्हां मालकानें पाव वाटून टाकण्याची अनुज्ञा दिली, आणि चालकानें गाडीचीं दारें उघडलीं. त्या भयंकर रात्रीं तेथें कोणीहि दगावल्याचें वृत्त आलें नाहीं.

दुसरी घटना त्यानंतर चारच दिवसांनीं पाकिस्तानांत मरी या थंड हवेच्या ठिकाणीं घडली. बर्फ पडत असल्याचें कळतांच तो पाहावयास लोकांची झुंबड उडाली, आणि डोंगरांतील रस्त्यांना पेलणार नाहींत इतक्या मोटारी वर चढल्या. ७ जानेवारीच्या रात्रीं प्रचंड बर्फ कोसळला, झाडें आडवीं पडलीं, आणि रस्ते दोन्ही बाजूंनीं बंद झाले. लोकांनीं गाडीच्या कांचा लावून घेतल्या आणि ऊब मिळावी म्हणून एंजिन चालू ठेवलें. सकाळ झाली तेव्हां निदान बावीस माणसें आपापल्या गाड्यांत मृतावस्थेंत सांपडलीं. त्यांत आईबापांबरोबर सहलीस आलेलीं लहान मुलेंहि होतीं. पुढें चौकशी होऊन प्रशासनाची हयगय उघड झाली व अनेक अधिकारी निलंबित झाले. पण गेलेलीं मुलें परत आलीं नाहींत.

त्या गाड्यांत काय घडलें असावें, हें प्रत्येकानें समजून घेतलें पाहिजे. गाडीच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. धूर बाहेर टाकणारी नळी बर्फानें बुजली कीं तो वायु गाडींत शिरतो. रक्तांतील प्राणवायु वाहून नेणारें द्रव्य प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट उत्सुकतेनें या वायूला चिकटतें. मनुष्याला गुंगी येते, ती झोंप वाटते, आणि त्या झोंपेंतून तो उठत नाहीं. म्हणून बर्फांत अडकलेल्या चालकाला तेथील जाणते लोक सांगतात कीं, आधीं ती नळी मोकळी करा, मग तासाला दहाएक मिनिटेंच एंजिन चालवा, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची कांच थोडी उघडी ठेवा, आणि गाडी सोडून वादळांत भटकूं नका. गाडींत पांघरूण, पाणी, खाद्य, एक फावडें आणि दिवा एवढें असावें. दोन ओळींचें हें ज्ञान त्या रात्रीं मरीच्या रस्त्यावर सर्वांना असतें तर कांहीं घरें तरी शोकांतून वांचलीं असतीं.

या दोन्ही घटनांतून एकच प्रश्न मनांत उभा राहतो. वादळाची सूचना मिळूनहि मनुष्य निघतो कां? माझ्या मतें याचें कारण अज्ञानापेक्षां अभिमान हेंच अधिक आहे. "इतरांना जमणार नाहीं, मला जमेल," ही भावना रस्त्यावरच्या बर्फापेक्षां अधिक निसरडी आहे. हें केवळ उपदेशाचें बोलणें नव्हे. त्याला अनुभवाचा आधार आहे. नॉर्वे देशानें १९७९ सालीं नव्या चालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सांवरण्याचें शिक्षण सक्तीचें केलें. अपघात कमी होतील अशी सर्वांची अपेक्षा होती. पुढें पाहणी केली तेव्हां आढळलें कीं, तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यावरील अपघात उलट वाढले होते! चार युक्त्या हातीं आल्यामुळें त्यांचें भय गेलें, आणि भयाबरोबर सावधपणाहि गेला. स्वीडनमध्यें निल्स पेटर ग्रेगरसेन या संशोधकानें एक प्रयोग करून त्याचें फळ १९९६ सालीं प्रसिद्ध केलें. त्यानें शिकाऊ चालकांचे दोन गट केले. एका गटाला गाडी सांवरण्याचें कौशल्य शिकविलें. दुसऱ्या गटाला तें कौशल्य ऐन वेळीं कसें अपुरें पडतें याची जाणीव करून दिली. नंतर परीक्षा घेतली तेव्हां प्रत्यक्ष कौशल्यांत दोन्ही गट सारखेच निघाले. मात्र पहिला गट स्वतःला अधिक कुशल समजत होता.

पालकांनीं व शिक्षकांनीं या प्रयोगावर थोडें थांबून विचार करावा. आपण मुलांना पुष्कळ कौशल्यें शिकवितों आणि तें योग्यच आहे. परंतु त्या कौशल्याची मर्यादाहि त्यांना त्याच वेळीं शिकविली नाहीं तर आपलें शिक्षण अर्धवट राहतें. आणि अर्ध्या शिक्षणानें मनुष्य अडाण्यापेक्षांहि अधिक धोक्यांत येतो, कारण अडाणी निदान भितो.

आतां आपल्या हिमालयाकडे वळूं. रोहतांगचा घाट सुमारें ३,९७८ मीटर उंच. हिवाळ्यांत तो बर्फानें बंद होतो. ३ ऑक्टोबर २०२० रोजीं त्याखालून जाणारा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला, आणि हिवाळ्यांत जगापासून तुटणाऱ्या लाहौलच्या लोकांची मोठी सोय झाली. रुग्णाला इस्पितळांत नेतां येऊं लागलें, भाजीपाला येऊं लागला. परंतु त्याच बोगद्यानें मैदानांतील प्रवाशालाहि बर्फाच्या दारांत थेट नेऊन सोडलें. २०२४ सालच्या नाताळच्या सुमारास मनालीजवळ सोलंग व बोगदा यांच्या परिसरांत एकाएकीं बर्फ पडला आणि सुमारें हजार वाहनें अडकलीं. पोलिसांनीं कडाक्याच्या थंडींत रात्रीं रस्त्यावर उभें राहून हजारों प्रवाशांना बाहेर काढलें. ज्यांना आपण सुखरूप घरीं आणावें म्हणून कोणी रात्र जागतें, त्यांनीं आपल्या हौशीची किंमत दुसऱ्याला किती पडते याचा विचार करावयास नको काय?

येथें पालकांना एक नम्र विनंति करावीशी वाटते. अशा ठिकाणीं पुष्कळ कुटुंबें तेथील चालकाची भाड्याची गाडी घेतात, आणि हें चांगलेंच आहे. परंतु तो चालक आभाळाकडे पाहून "साहेब, आतां परत फिरूं या," असें म्हणाला म्हणजे गाडींतून काय उत्तर निघतें? "इतक्या लांबून आलों, पैसे मोजले, थोडें आणखी पुढें चला, मुलांना बर्फांत खेळावयाचें आहे." त्या गरीब मनुष्याला दिवसाची मजुरी बुडण्याचें भय असतें, तो मुकाट्यानें गाडी पुढें घालतो. मग दुर्दैवानें कांहीं झालें तर लोक दोष चालकाला देतात. वास्तविक त्या वेळीं गाडी त्याच्या हातांनीं चालत नसते, मागें बसलेल्यांच्या हट्टानें चालत असते. पैसे देऊन आपण त्याचें कौशल्य विकत घेतों, तें त्याचा निर्णय मोडून काढण्यासाठीं नव्हे. आणि मागच्या आसनावर बसलेलीं मुलें हा सारा संवाद ऐकत असतात. उद्यां तीं स्वतः गाडी चालवितील तेव्हां आज ऐकलेलाच शब्द त्यांच्या तोंडीं येईल.

कोणी आक्षेप घेईल, "इतकी भीति बाळगली तर बर्फाळ देशांत जगाचे व्यवहार चालतील कसे?" हा आक्षेप योग्य आहे. तेथें डॉक्टर, दूधवाले, अग्निशामक दलाचे लोक यांना बर्फांतहि निघावेंच लागतें. त्यांच्याआधीं पहांटे बर्फ ढकलणाऱ्या यंत्रगाड्या निघतात, तेव्हां कोठें इतरांना रस्ता दिसतो. आपल्याकडे १९६० सालीं स्थापन झालेल्या सीमा सडक संघटनेचे लोक जोजी ला व रोहतांग येथें दरवर्षीं बर्फाच्या भिंती कापून वाट मोकळी करतात, आणि कित्येकांनीं त्या कामांत प्राणहि वेंचले आहेत. यांचें जाणें धाडसाचें खरें, पण तें कर्तव्याचें धाडस आहे. त्यामागें तयारी असते, साधनें असतात, मागें कोणाला तरी सांगून ठेवलेलें असतें. ज्याला काम नाहीं, घाई नाहीं, नुसतें चित्र काढून मित्रांना दाखवावयाचें आहे, त्यानें त्याच वाटेवर गाडी घालणें याला धाडस म्हणूं नये. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो तेव्हां हंसें होऊन भागतें. उतावळ्या चालकाचें तेवढ्यावर भागत नाहीं.

अमेरिकेंत व कॅनडांत जोराचा बर्फ पडला म्हणजे शाळांना सुटी देतात, हें वाचून आमच्या विद्यार्थ्यांना त्या मुलांचा हेवा वाटेल! पण त्या सुटीच्या मागें काय असतें? मुलें झोंपेंत असतांना कोणी जबाबदार मनुष्य रस्त्यांची स्थिति पाहतो, हवामानाचें भाकीत पाहतो, आणि आज शाळेच्या मोटारी सोडावयाच्या नाहींत असें ठरवितो. दुपारीं ऊन पडलें तर लोक त्याला हंसतात, नांवें ठेवतात. तो तें सोसतो. वांचलेल्या अपघाताची नोंद कोठेंच होत नाहीं, म्हणून असल्या निर्णयाला कोणी पदक देत नाहीं. तरीहि समाज सुरक्षित राहतो तो अशाच माणसांमुळें.

तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, अठरा वर्षें पूर्ण झाल्यावर तुम्हांला वाहन चालविण्याचा परवाना मिळेल. कोणाला बर्फाच्या देशांत गाडी चालवावी लागेल, कोणाला पावसांतल्या घाटांत, कोणाला धुक्यांत. सर्व ठिकाणीं नियम एकच आहे: जितक्या अंतरांत थांबतां येईल तितक्याच वेगानें जावें, आणि थांबतां येणार नाहीं असें दिसल्यास निघूंच नये. गाडी पुढें नेणें पंधरा दिवसांत शिकतां येतें. "आज नको, परत फिरूं," हे शब्द मित्रांच्या हंसण्यापुढें ठामपणें उच्चारणें मात्र फार थोड्यांना साधतें. ज्याला तें साधेल त्याच्या शेजारीं आईबापांनीं आपलीं मुलें निर्धास्तपणें बसवावीं.